गणपतीच्या वहीतली नावं

आदरणीय ताई,

नमस्कार. इंदूरला राजेंद्र नगरात आमचं घर आहे, लग्न होऊन आले ती इथेच. आमच्या गल्लीच्या गणपतीची वर्गणी बरीच वर्षं मीच गोळा करते. लोक काकू म्हणून ओळखतात, दार उघडतात, बसा म्हणतात. निवडणूक तोंडावर आलीय आणि मी ज्या पक्षाचं थोडंफार काम करते, त्यांनी आमच्या भागातल्या घरांतून देणग्या जमवायचं काम माझ्यावर टाकलंय. पावतीबुकं घरी येऊन पडली आहेत.

ह्यांना हे मुळीच पसंत नाही. "गणपतीला मागणं वेगळं, पुढाऱ्यासाठी दारोदार फिरणं म्हणजे भीक," असं म्हणतात. जाऊबाई समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि त्या दुसऱ्या पक्षाच्या कट्टर. त्यांना तोंड कसं देऊ? पण खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या ओळखीतले एक बांधकामवाले परवा चाळीस हजार रोख घेऊन आले. म्हणाले, "काकी, टेंशन मत लो, दो-दो हजार की बीस रसीद फाड़ दो." नावं कोणाची घालू विचारलं, तर म्हणाले, तुमच्याकडे गणपतीची वही आहे ना, त्यातली घाला. वॉर्ड प्रभारींना फोन केला तर ते म्हणाले, घेऊन टाका, सगळीकडे असंच चालतं. पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. हे काम सोडून देऊ का?

ता. क. न्यू जर्सीचा पुतण्याही दोनशे डॉलर पाठवतो म्हणतोय. घेऊ का?

– कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणारी, इंदूर

*

नमस्कार.

पत्रात विचारलंय पुष्कळ, पण घाई एकाच गोष्टीची आहे. ते पाकीट आजच परत करून या. एकट्या जाऊ नका, मुलाला किंवा शेजारणीला बरोबर घ्या. त्यांच्या हातात द्या, समोर मोजायला लावा आणि घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "आपले चाळीस हजार रुपये आज परत दिले, मिळाल्याचं कळवा." उत्तर आलं तर छानच. नाही आलं तरी तुमचा निरोप तारखेसकट राहील. पुढचं सगळं त्यानंतर वाचा.

आता त्या दोन-दोन हजारांची गोष्ट. हा आकडा त्या गृहस्थांनी उगाच काढलेला नाही. २०१७च्या अर्थसंकल्पापासून राजकीय पक्षाला एका माणसाकडून दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगी घेता येत नाही. घेतली तर पक्षाची आयकरातली सूट धोक्यात येते. त्यावरची रक्कम चेकने, ड्राफ्टने किंवा ऑनलाइन, बँकेच्या वाटेनेच यायला हवी. वीस हजारांच्या वर एका वर्षात एकाच माणसाने दिले, तर त्याचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे कळवावं लागतं. चाळीस हजार एका नावाने दिले तर ते नाव यादीत जाणार. वीस नावांवर वाटले तर कुठेच काही नाही. हिशेब त्यांचा पक्का आहे. फक्त त्या हिशेबात त्यांचं नाव एकदाही येत नाही आणि तुमची सही वीस वेळा येते.

आणि ती वीस नावं कोणाची? तुमची गणपतीची वही डोळ्यांसमोर आणा. त्यात कलेक्टर कचेरीत काम करणारा कुणी असेल. सरकारी शाळेतल्या बाई असतील. मध्य प्रदेशच्या १९६५च्या आचरण नियमांप्रमाणे राज्य सरकारच्या नोकराला राजकीय पक्षाच्या कामात भाग घेता येत नाही, आणि केंद्राच्या १९६४च्या नियमांत तर वर्गणी देण्याचीही मनाई स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे एकवीस मोदकांच्या नैवेद्यासाठी ज्याने तुम्हाला दोनशे एक रुपये दिले, त्याचं नाव तुमच्या अक्षरात एका पक्षाच्या देणगीदारांत चढणार, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नसणार. उद्या त्याच्या बढतीच्या वेळी कुणी ती पावती बाहेर काढली, तर तो विचारायला बांधकामवाल्यांकडे जाणार नाही. तुमच्या दारात येईल.

प्रभारी म्हणाले की सगळीकडे असंच चालतं. चालत असेलही. पण पाहणारेही आता जास्त झाले आहेत. पक्षाला चेक द्यायचा, कमिशन कापून रोख परत घ्यायची आणि वर आयकरात सूट मागायची, असा धंदा करणाऱ्यांवर आयकर विभागाने २०२५च्या जुलैत देशभर कारवाई केली. पुढच्याच महिन्यात निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. त्यांचं कारण निराळं होतं: या पक्षांनी सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यावर ते सापडतही नव्हते. पण कागदावरचे पक्ष आणि कागदावरच्या देणग्या यांची सोयरीक जुनी आहे. त्याआधी १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी देणाऱ्याचं नाव झाकणारे निवडणूक रोखे रद्द केले. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं. तिथे गोष्ट कोट्यवधींची होती, तुमच्या कपाटात चाळीस हजार आहेत. आकडे सोडले तर भानगड तीच.

त्या गृहस्थांशी भांडू नका. त्यांना देणगी द्यायची असेल तर रस्ता मोकळा आहे. स्वतःच्या नावाने चेक द्यावा, पॅन द्यावा, पावती घ्यावी. कंपनीच्या नावाने द्यायचं तर संचालक मंडळाचा ठराव करावा, कंपनी किमान तीन वर्षं जुनी असावी आणि देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवावी. तुम्ही एवढंच म्हणा, "भिया, आपके नाम का चेक दे दो, रसीद अभी बना देती हूँ." इंदुरी बोलीत हे वाक्य कुणाला लागत नाही. त्यावर ते हसून विषय बदलतील असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर त्यांच्या मनात आवळा देऊन कोहळा काढायचा होता, हे तुम्हाला न विचारता कळेल.

प्रभारींना मात्र तोंडी नाही, लेखी कळवा. दोन ओळी पुरेत: मी देईन ती पावती ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाची असेल, दुसऱ्या कुणाच्या नावाने मी पावती फाडणार नाही. त्यांनी मान्य केलं तर कामाला लागा. कुरकुर केली तर पावतीबुकं परत करा, पण परत करतानाही पहिला आणि शेवटचा नंबर कागदावर लिहून "मिळाली" अशी सही घ्या. कोरी पावतीबुकं सहीशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नका. नंतर त्यावर कुणी काय लिहिलं याचा जाब तुम्हालाच विचारतील.

आता ती वही. गणपतीची वर्गणी लोक तुम्हाला देत नाहीत, गणपतीला देतात. तुम्ही फक्त दारापर्यंत जाता. त्या वहीतली नावं, पत्ते, फोन नंबर यांतलं काहीही पक्षाच्या कामाला वापरू नका, खोट्या पावतीसाठी तर नाहीच, पण प्रचाराचा मेसेज पाठवायलाही नाही. आरतीची वेळ कळावी म्हणून दिलेल्या नंबरवर उमेदवाराचा फोटो येऊन पडला, की माणूस चिडतो आणि पुढच्या वर्षी आरतीला येत नाही. मांडवात, आरतीच्या गर्दीत, दत्ताच्या देवळात पक्षाचं पावतीबुक उघडू नका. आचारसंहितेत प्रार्थनास्थळांचा प्रचारासाठी वापर करायला मनाई आहे, आणि देवस्थानाची जागा किंवा पैसा पक्षासाठी वापरू नये असा १९८८चा कायदाही आहे. मंडळाच्या शिलकीतून पक्षाला "उसने" देण्याची कल्पना कुणी काढलीच, तर तिथल्या तिथे मोडून काढा.

मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात येतं. २०१८ला २८ तारखेला झालं, २०२३ला १७ला. म्हणजे निवडणुकीच्या वर्षी गणपती आणि प्रचार एकमेकांच्या पाठोपाठच असतात. मला विचाराल तर ज्या वर्षी पक्षासाठी पावती फाडायची, त्या वर्षी गणपतीची वही दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. तुम्हाला हे जड जाईल, कल्पना आहे. पण सप्टेंबरात आरतीचं ताट घेऊन आलेल्या काकू ऑक्टोबरात पक्षाचं पावतीबुक घेऊन आल्या, तर दार उघडणाऱ्याला त्या दोघी वेगळ्या कशा वाटाव्यात?

इंदूरला वर्गणीचं काही वावडं नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगार थकबाकीसाठी तीस-बत्तीस वर्षं झगडत राहिले, तरी अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघत राहिली. हे गाव देतं. म्हणूनच मागणाऱ्याने जपून मागायचं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी दोन तुकड्यांत घेते, कारण अर्धं चूक आहे आणि अर्धं अगदी बरोबर.

चूक हे, की पक्षासाठी मागणं म्हणजे भीक. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. टिळकांच्या नावाने १९२१ साली स्वराज्य फंडात एक कोट रुपये जमले, त्यात बायकांच्या बांगड्याही होत्या. पुढे पक्षांनीही हेच केलं. आपल्या शेजारच्या धारचे, संघटनकौशल्यासाठी ओळखले जाणारे कुशाभाऊ ठाकरे ज्या पक्षाचे, त्या भाजपमध्ये देणग्यांचा आजीवन सहयोग निधी आहे. काँग्रेसने डिसेंबर २०२३मध्ये पक्षाच्या वयाइतके, म्हणजे १३८ रुपये मागितले. आम आदमी पक्षाने २०१३च्या दिल्ली निवडणुकीसाठी वीस कोटी ठरवले होते, तेवढे जमल्यावर "आता पुरे" म्हणून जाहीर केलं. पैसे नकोत म्हणणारा पक्ष म्हणून लोकांना त्याचं नवल वाटलं होतं. बहुजन समाज पक्षाच्या कांशीरामांनी अलाहाबादच्या १९८८च्या पोटनिवडणुकीत मताबरोबर एक नोटही मागितली. कम्युनिस्ट डबा घेऊन बाजारात फिरतात. तुमचा पक्ष यांतला कोणता, तुम्ही लिहिलं नाही आणि मला जाणून घ्यायचंही नाही. सगळ्यांनीच झोळी फिरवली आहे. जो पक्ष शंभर घरांकडे मागत नाही, तो चार घरांकडे मागतो, आणि मग त्या चार घरांचं ऐकतो. शंभर रुपये दिलेला माणूस निदान नंतर नगरसेवकाला आणि आमदाराला रस्त्यात गाठून विचारतो, माझे पैसे घेतलेत, ड्रेनेजचं काय झालं? त्यासाठी तरी मागावं.

बरोबर हे, की तुमच्या मिस्टरांना भीड दिसते आहे. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतातच. तुम्ही दारात उभ्या राहिलात की लोकांना नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं असणार. गणपतीला ते चालून जातं. कुणी एक्कावन्न दिले काय आणि पाचशे दिले काय, प्रसाद सगळ्यांना सारखाच. पक्षाच्या पैशाचं तसं नाही. इथे समोरच्याला मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे, आणि ती सोय तुम्हीच त्याला करून द्यायची आहे.

ती सोय कशी करायची, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण पावतीबुकाबरोबर पक्षवाले हे शिकवत नाहीत.

ज्याचं पोट किंवा सोय तुमच्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडे जाऊच नका. धुण्याभांड्याची बाई, तुमचा भाडेकरू, तुमच्याकडे शिकवणीला मुलं पाठवणारे आईबाप, महिन्याचं बिल तुमच्याकडून घेणारा दूधवाला. ते देतील, आणि मनातून शिव्याही देतील. सरकारी नोकरांना सोडा, त्यांनी स्वतःहून पुढे केले तरी घेऊ नका. पेन्शनर चालतील. पण एकटं राहणाऱ्या आजींकडे गेलात आणि त्या पर्स शोधायला लागल्या, तर मुलाशी बोला आधी, मग बघू, असं म्हणून उठा.

सुरुवात अशा घरांपासून करा जिथली माणसं पक्षाच्या सभेला आपणहून आली होती. दुपारी चार ते सहा बरं. एकटीने न जाता दोघींनी जा. हिशेबालाही बरं आणि गप्पांनाही आवर बसतो. उंबऱ्यावर उभं राहूनच कशासाठी आलात ते सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. आत बसून, पोहे खाऊन, लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करून मग पर्समधून पावतीबुक काढलंत, तर समोरच्याला तुम्ही फसवल्यासारखं वाटतं. पोह्यांचीही चव जाते. असं म्हणून पाहा: "मी आज गणपतीची नाही, पक्षाची म्हणून आलेय. आमच्या पक्षासाठी शंभर ते पाचशे रुपये मागते आहे. द्यायचे नसतील तर मोकळेपणाने सांगा, मी उद्या भाजी घ्यायला तुमच्याबरोबरच येणार आहे." आणि मग थांबा. पहिल्यांदा तुम्हालाच ते अवघड वाटेल, मध्ये काहीतरी बोलावंसं वाटेल. बोलू नका.

"विचार करून सांगते" म्हणजे नाही. पुन्हा त्या दारात जाऊ नका, फोनही करू नका. "हे घरी नाहीत" म्हणजेही नाही, बहुतेक वेळा. शेजारच्यांनी किती दिले ते कुणालाही सांगू नका, विचारलं तरी. आणि हे नीट लक्षात ठेवा: कोणी दिले नाहीत याची यादी करू नका. प्रभारी ती मागतील, गोड बोलून मागतील, "फक्त आपल्यापुरती" म्हणतील. देणाऱ्यांची नोंद पावतीवर आहे, ती कायद्याने हवीच. न देणाऱ्यांची नोंद कुठल्याच कायद्यात मागितलेली नाही. ती नेमकी कशाला लागते हे तुम्ही आम्ही दोघीही जाणतो.

पावतीबद्दल. पुस्तक हातात घेतलंत त्या दिवशी पहिला नंबर, शेवटचा नंबर तपासा, मध्ये एखादं पान फाटलेलं नाही ना ते पाहा. पावतीवर पक्षाचं नाव आणि पॅन छापलेला असावा. देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, रोख की चेक की यूपीआय, तारीख, तुमची सही. हे सगळं स्थळप्रतीवरही तसंच. चुकली तर फाडून फेकू नका. दोन्ही भागांवर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा आणि पुस्तकातच ठेवा. पैसे हातात आले की पावती तिथेच, दारातच. "संध्याकाळी मुलाबरोबर पाठवते" हे कधीच होत नाही.

सभेत डबा फिरवला आणि लोकांनी दहा-वीस रुपये टाकले, तर तिथे नाव लागत नाही. निवडणूक आयोगाच्या २०१४च्या सूचनांत तेवढी सवलत आहे. पण घरोघरी घेतलेल्या पैशाला नाव-पत्ता लागतो, आणि जमलेली रोख आठवड्याच्या आत पक्षाच्या खात्यात जायला हवी. आठवडाभर वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशीच बँकेत भरा, स्लिपचा फोटो काढून ठेवा. निवडणूक जाहीर झाल्यावर तर हे आणखी जपा. उमेदवार किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख सापडली, तर नाक्यावरचं पथक ती जप्त करू शकतं. स्कूटरच्या डिकीत पक्षाची पत्रकं आणि वर नोटांची पिशवी असा थाट करून राजवाड्याच्या गर्दीतून फिरू नका.

यूपीआयसाठी पक्षाच्या खात्याचा क्यूआर कोडच वापरा. "माझ्या गूगल पेवर टाका, मी पुढे पाठवते" हे कुणालाही म्हणू नका, सख्ख्या भावालाही नाही. तुमच्या बचत खात्यात पन्नास जणांचे पैसे येऊन गेले, की आयकरवाल्यांच्या नजरेत ते तुमचंच उत्पन्न. मग ते पक्षाचं होतं हे सिद्ध करत तुम्हाला बसावं लागेल, आणि निवडणूक संपल्यावर पक्षाचं माणूस फोन उचलेलच असं नाही.

कुणी विचारेल, करात सूट मिळते का? जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला मिळते, तीही चेकने किंवा ऑनलाइन दिले तर. रोखीवर मिळत नाही, आणि नव्या पद्धतीत नाहीच. सूट मिळेल असं वचन देऊन पैसे घेऊ नका. पुढच्या जुलैत रिटर्न भरताना तो माणूस तुमचं नाव काढेल.

आणखी एक, कारण इथे चांगली माणसं नकळत अडकतात. तुम्ही जमवताय ते पक्षासाठी, उमेदवारासाठी नाही. उमेदवाराचं खर्चाचं वेगळं बँक खातं असतं, विधानसभेला मध्य प्रदेशासारख्या मोठ्या राज्यात खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख आहे, आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. चहा, पोहे, खुर्च्या, मांडव यांचेसुद्धा दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात आणि त्या दराने खर्च धरला जातो. तेव्हा जमलेल्या पैशातून परस्पर कार्यकर्त्यांना कचोरी खिलवली, नाहीतर उत्साहाने चार बॅनर छापून आणले, असं करू नका. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला दंड आहे. छापायला तर प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव-पत्ता लागतो. जमा झालं ते सगळं खात्यात, खर्चाचं त्यांचं ते बघतील.

काम संपलं की देणाऱ्यांना एक चिठ्ठी द्या किंवा मेसेज पाठवा: एवढ्या पावत्या, एवढी रक्कम, या तारखेला पक्षाच्या खात्यात भरली. पक्षाने सांगितलेलं नसलं तरी द्या. असं कुणी करत नाही, म्हणून लोक ते लक्षात ठेवतात.

जाऊबाईंचं काय करायचं? बाहेरून कळण्याआधी तुम्हीच जाऊन सांगा, की मी आमच्या पक्षासाठी पावत्या फाडते आहे, तुमच्याकडे येणार नाही. त्या टोमणा मारतील. मारू दे. त्यांच्या पक्षाचं पावतीबुक घेऊन त्या तुमच्या दारात आल्या, तर तुम्हीही हसून नाही म्हणा आणि चहा करा. दोन पक्षांची माणसं एकाच घरातून निघून मतदानाला गेलेली इंदूरने काही कमी पाहिलेली नाहीत. मुलीच्या लग्नात दोघी एकाच पंगतीला बसणार आहात.

काम सोडू का, असं विचारलंत. प्रभारींनी तुमची अट मान्य केली तर सोडू नका. पावती नीट लिहिणारी, स्लिप जपणारी, नाही ऐकून हसत परत फिरणारी बाई प्रत्येक पक्षाला हवी असते, आणि मिळत नाही म्हणून तर बांधकामवाल्यांची पाकिटं फिरतात. अट मान्य नसेल तर मतदार म्हणून तुमचं मत त्यांना द्या, पक्षाचं बाकी काम करा, पैशाला हात लावू नका.

राहता राहिला पुतण्या. तो कुठे राहतो याला महत्त्व नाही, पासपोर्ट कोणता आहे ते विचारा. भारतीय नागरिक असेल, तर स्वतःच्या कमाईतून त्याला देता येतं. त्याने आपल्या भारतातल्या खात्यातून पक्षाच्या खात्यात थेट भरावेत, तुमच्या खात्यातून नाही, आणि पावती पक्षाने त्याच्या नावे द्यावी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, येत-जात असेल, तर कायद्याने तो परदेशी ठरतो आणि त्याचा एक डॉलरही पक्षाला चालत नाही, काकूने रुपयांत बदलून दिला तरी नाही. हे त्याला दुखावल्याशिवाय सांगायचं असेल तर त्याला कायद्याचं नाव सांगा: विदेशी अंशदान नियमन कायदा. तिकडे राहणारी मुलं काकूचं ऐकतीलच असं नाही, कायद्याचं ऐकतात.